३०० मैल आणि आधीच टाकलेली स्टोरी

सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स, हातात आलं की लोक पहिलं नोकरीचं विचारतील असं मला वाटायचं, पण पार्ल्यात मला सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते "तुझं पेज आहे का गं इन्स्टावर?" बिल्डिंगमधल्या पोरांनी विचारलं, आत्याने विचारलं, लोनच्या कामासाठी बँकेत गेले तर काउंटरवरच्या मॅडमनी पण विचारलं. नाही म्हटलं की लोकांना पटतच नाही, पायलट आहे आणि कॉकपिटचे व्हिडिओ नाहीत म्हणजे काय. म्हणून एकदा सविस्तर लिहिते की ट्रेनिंगमध्ये नक्की काय काय होतं आणि फोन त्यात कुठून शिरतो, कारण आता ओळखीतली बरीच मुलं या लाइनला येतायत आणि त्यांची मला मनापासून काळजी वाटते.

सुरुवात पैशापासून करते, कारण प्रेशर तिथूनच चालू होतं. सीपीएलचा खर्च आज ५० लाखांच्या वर सहज जातो आणि त्यात एअरबस-बोइंगचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या ठराविक विमानाचं ट्रेनिंग, धरलेलं नाही, ते वेगळं. बाबांनी पीएफमधून काढले, घरावर लोन घेतलं, मामाने काही दिले. मामाने आजपर्यंत एका शब्दाने हिशोब विचारला नाही, पण फॅमिली ग्रुपवर दर दोन दिवसांनी कोणीतरी लिहायचंच, "कॅप्टन, आज कुठे उड्डाण?" सगळे प्रेमानेच विचारतात हो, पण वेदर खराब आहे म्हणून तीन दिवस हॉस्टेलवर बसून आहोत किंवा विमान मेंटेनन्सला गेलंय हे परत परत लिहायला नको वाटतं, आणि मग मन आपोआप काहीतरी दाखवण्यासारखं शोधायला लागतं. फॉलोअर्स पुढे येतात, त्याच्या आधी हा फॅमिली ग्रुप असतो.

ग्राउंड क्लासेस अंधेरीला केले. नेव्हिगेशन, मेट म्हणजे हवामान, रेग्युलेशन्स, टेक्निकल, प्रत्येक पेपरला ७० टक्के लागतात, शिवाय रेडिओची आरटीआरची परीक्षा वेगळी. नेव्हिगेशनचे सर एअर फोर्समधून रिटायर झालेले, त्यांनी पहिल्याच आठवड्यात जुहूची गोष्ट सांगितली. सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८, एवढं मोठं जेट, सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून जुहूच्या छोट्या विमानतळावर उतरलं. सांताक्रूझची धावपट्टी ०९, जुहूची ०८, दोन्ही जवळपास एकाच दिशेच्या आणि हवेतून बघितलं तर अंतर काहीच नाही. जुहूची धावपट्टी एवढ्या विमानाला पुरणारी नव्हती, ते टोकावरून पुढे गेलं, विमान भंगारात गेलं, सुदैवाने माणसं वाचली. त्याआधी १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट पण असंच जुहूला उतरलेलं. सर म्हणाले, "ही माणसं शिकाऊ नव्हती. त्यांना जे दिसायला हवं होतं ते दिसलं, आणि मग त्यांनी तपासणं थांबवलं." मी तेव्हा वहीत तारखा लिहून घेतल्या, परीक्षेला येतील म्हणून. हे वाक्य मला खूप नंतर आठवलं.

जुहूला आता मुख्यतः हेलिकॉप्टरच उडतात त्यामुळे मुंबईच्या मुलांना फ्लाइंगसाठी बाहेरगावीच जावं लागतं. मी कुठे गेले त्याचं नाव लिहीत नाही, राज्यातच होते एवढं पुरे. पहाटे उठायचं, मेटार बघायचं, म्हणजे विमानतळाचा ताजा हवामान रिपोर्ट, मग विमानाभोवती फिरून तपासणी, टाकीतून थोडं फ्युएल काढून पाणी-कचरा आहे का बघायचं, आणि मग नंबर लागेपर्यंत बसून राहायचं. बसून राहणं हा या ट्रेनिंगचा फार मोठा भाग आहे आणि कुठल्याच रीलमध्ये तो दिसत नाही.

पहिला सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, कधी होणार ते आधी कळत नाही, इन्स्ट्रक्टर दोन-तीन लँडिंग बघतात आणि अचानक म्हणतात थांबव, मी उतरतो, तू एक सर्किट, म्हणजे विमानतळाभोवती एक फेरी, मारून ये. शेजारची सीट रिकामी झाली की विमान हलकं होतं आणि पटकन वर चढतं, ते अंगाला जाणवतं. उतरल्यावर सगळ्यांनी मिळून बादलीभर पाणी ओतलं, त्याचा व्हिडिओ आहे माझ्याकडे, आईने तो शंभर जणांना पाठवलाय आणि मला त्यात काहीच वाईट वाटत नाही. जमिनीवर, इंजिन बंद झाल्यावर, कितीही व्हिडिओ काढा.

खरा धोक्याचा काळ सोलोनंतरचा. सीपीएलला २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे तुम्हीच जबाबदार. पहिले चाळीस-पन्नास तास तुम्ही प्रत्येक गोष्टीला घाबरता आणि म्हणून प्रत्येक गोष्ट नीट करता. मग कधीतरी हात बसतो. रेडिओवर बोलताना अडखळत नाही, लँडिंग मऊ होतं, चेकलिस्ट तोंडपाठ होते आणि तोंडपाठ झाली की कार्ड हातात न घेता म्हणायची सवय लागते. आमचे सीएफआय, म्हणजे चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर, मराठीच होते, ते म्हणायचे की मला दहा तासवाल्याची भीती वाटत नाही, शंभर तासवाल्याची वाटते, कारण त्याला विमान चालवता येतं पण विमानाने त्याला अजून काही वाईट दाखवलेलं नाही. बॅचमध्ये नेमकी याच वेळी अकाउंट्स सुरू झाली. नावाआधी "पायलट" किंवा "कॅप्टन" लावून, विंडशील्डला माउंट लावून, चष्मा, हेडसेट, मागे सूर्योदय. आपल्याकडे विमान नियम १९३७ मधला १३ वा नियमच आहे की उडत्या विमानातून फोटो काढायला लेखी परवानगी लागते, तो आम्ही रेग्युलेशन्सच्या पेपरला पाठ केलेला. पाठ करणारे तेच आणि माउंट लावणारेही तेच.

इथे मला हूडबद्दल सांगायचंय, कारण माझं मत जिथे पक्कं झालं ती जागा ही आहे. इन्स्ट्रुमेंट ट्रेनिंगला डोक्यावर एक टोपीसारखं हूड लावतात, त्यातून फक्त समोरची घड्याळं दिसतात, बाहेरचं काही नाही. एक दिवस सरांनी सांगितलं, डोळे मीट, मान खाली कर, मी विमान थोडं हलवतो आणि मी सांगितलं की डोळे उघडून सरळ कर. मला वाटलं सोपं आहे, पोटाला कळेलच ना कुठे वळतोय ते. थोड्या वेळाने सर म्हणाले, आता विमान कसं आहे सांग. मी छातीठोकपणे म्हटलं सरळ. डोळे उघडले तर आर्टिफिशियल होरायझनवर, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या घड्याळावर, आम्ही डावीकडे चांगलेच कललेलो, नाक खाली आणि स्पीड वाढतोय. मी ते सरळ केलं आणि सरळ झाल्याबरोबर माझं सगळं शरीर ओरडून सांगायला लागलं की आपण उजवीकडे पडतोय. घड्याळ म्हणतंय सरळ, अंग म्हणतंय पडतोय, आणि माझा हात अंगाचं ऐकायला निघालेला, तो जोर लावून थांबवावा लागला.

यामागचं कारण कानात आहे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यात द्रव असतो. चहाचा कप गोल फिरवला की आधी कप फिरतो आणि चहा मागून फिरायला लागतो, तसं वळण सुरू झालं की द्रव मागे राहतो आणि त्या फरकावरून मेंदूला वळण कळतं. पण एकाच वेगाने वळत राहिलात तर साधारण २० सेकंदांत द्रव पण त्याच वेगाने फिरायला लागतो, फरक उरत नाही आणि मेंदूला वाटतं आपण सरळ चाललोय. मग खरंच सरळ केलं की द्रव अजून फिरतच असतो, म्हणून उलट दिशेला वळतोय असं वाटतं. हे सगळ्यांना होतं, फिटनेसचा, हिमतीचा, हुशारीचा काही संबंध नाही. बाहेर क्षितिज दिसत असतं तोवर डोळे कानाला दुरुस्त करतात. ढगात, हेझमध्ये म्हणजे धुरकट हवेत, काळोखात समुद्रावर, ते क्षितिज जातं. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीने इन्स्ट्रुमेंटचं ट्रेनिंग नसलेल्या २० पायलटांना अशा नक्कल केलेल्या परिस्थितीत घातलं, वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला आणि सुटायला लागलेला वेळ सरासरी १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. आणि ते लोक पूर्ण लक्ष देऊन उडवत होते, हातात फोन नव्हता.

आता क्रॉस कंट्रीचं, म्हणजे एका विमानतळावरून दुसरीकडे लांब उडण्याचं, सांगते. सीपीएलसाठी एक लांबचं क्रॉस कंट्री करावं लागतं, किमान ३०० नॉटिकल मैल, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटर, मध्ये दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून लँडिंग. हे एकट्याने करायचं असतं आणि सगळ्या ट्रेनिंगमधला हा मोठा दिवस मानतात. हिवाळ्याचे शेवटचे दिवस होते, सकाळी खाली धुरकट आणि वर स्वच्छ. माझा आणि बॅचमधल्या एका मुलाचा नंबर एकाच सकाळी, वेगवेगळ्या विमानांत, तो थोडा पुढे. (त्याला विचारूनच लिहितेय, नाव नको म्हणाला.) पहिल्या विमानतळावर दोघंही नीट उतरलो. तिथे पुढच्या स्टेशनचं वेदर घेतलं तर व्हिझिबिलिटी ५००० मीटर, हेझ. व्हीएफआर म्हणजे बाहेर बघून उडण्यासाठी ५ किलोमीटरच लागते, म्हणजे अगदी काठावर पण नियमात बसतं. फक्त अर्ध्या तासापूर्वी तेच ६००० होतं. ऊन वर आलं की हेझ हटायला हवं, इथे उलटं होत होतं.

हेझ फसवं असतं हे ज्यांनी उडवलं नाही त्यांना सांगून पटत नाही. वरून सरळ खाली बघितलं तर शेत, रस्ता, विहीर सगळं दिसतं, वाटतं काय मस्त व्हिझिबिलिटी आहे. पण पुढे तिरकं बघितलं की सगळं पांढरं, कारण तिरक्या नजरेला त्याच थरातून कितीतरी जास्त अंतर कापावं लागतं, आणि धावपट्टी तुम्हाला तिरकीच बघायची असते.

मी विंगखाली उभी राहून सीएफआयना फोन केला, आकडे सांगितले आणि म्हटलं, सर मी परत येते. ते फक्त म्हणाले "ये". तो मुलगा पुढे गेला. नियमात होता, परवानगी होती, काहीच चुकीचं नाही केलं त्याने. तो पोचेपर्यंत तिथे ५००० च्या खाली गेलं, मग टॉवरकडून स्पेशल व्हीएफआर, म्हणजे कमी व्हिझिबिलिटीत उतरायची खास परवानगी, घेऊन उतरला, दुपारी हवा मोकळी झाल्यावर परत आला आणि संध्याकाळपर्यंत त्याची रील टाकून झाली, खाली सोनेरी धुकं, वर गाणं, "३०० डन". बॅचमधल्या कुठल्याच व्हिडिओला नव्हते एवढे व्ह्यूज त्याला. माझे उडालेले तास लॉगबुकात मोजले गेलेच, पण ३०० ची अट राहिली, म्हणजे परत नंबर, परत विमानाचं भाडं, परत बाबांना फोन. फॅमिली ग्रुपवर मावशीने लिहिलं, "काय गं, अर्ध्यातून आलीस? बरी आहेस ना?" तिला काळजी होती, मला ते टोचलं.

रात्री मेसमध्ये तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि जे बोलला ते कुठल्याच रीलमध्ये नाही. म्हणाला, धावपट्टी मला अगदी शेवटपर्यंत दिसली नाही, एक क्षण रस्ता बघून मला वाटलं हीच. (मला अंधेरीच्या क्लासमधलं जुहू तेव्हा आठवलं.) मी विचारलं मग वळला का नाहीस, तर म्हणाला, "अगं सकाळीच स्टोरी टाकली होती ना, आज ३००. काउंटडाउन लावलेलं. शाळेचा ग्रुप, गावचे, सगळे थांबलेले. पहिल्या लँडिंगला पण मला परत फिरावंसं वाटलेलं, पण काय लिहिणार होतो तिथे?"

हे माझ्या डोक्यातून जात नाही. कारण उडताना त्याने फोन हातात घेतलाच नव्हता. आपण सगळे बोलतो ते व्हिडिओ काढताना लक्ष विचलित होण्याबद्दल, आणि ते आहेच, पण त्याच्या बाबतीत धोका सकाळी साडेसहाला चहा पिताना तयार झाला, विमानापासून शंभर फुटांवर, जेव्हा त्याने चारशे लोकांना सांगून टाकलं की आज मी हे करणार आहे. जायचं की नाही, वळायचं की नाही, हा निर्णय पायलटकडे प्रत्येक मिनिटाला मोकळा असायला लागतो. आधी जाहीर केलं की तो मोकळा राहत नाही. आणि वर काही झालं नाही, उलट कौतुक झालं, म्हणजे पुढच्या वेळी ४५०० पण चालेल असं मनात बसणार. तो मुलगा समजूतदार होता म्हणून स्वतःच येऊन बोलला. न बोलणारे किती असतील.

सीएफआयनी दुसऱ्या दिवशी सगळ्या बॅचला बसवलं. कोणालाही ओरडले नाहीत. अमेरिकेतल्या एका अपघाताचा रिपोर्ट वाचून दाखवला, मे २०१४, कोलोराडोत डेन्व्हरजवळ, सेस्ना १५०, मध्यरात्रीनंतरचं उड्डाण, पायलट आणि एक प्रवासी दोघंही गेले. सापडलेल्या कॅमेऱ्यात आधीच्या फ्लाइट्सचं रेकॉर्डिंग होतं, त्यात टेकऑफनंतर वर चढताना फ्लॅश मारून सेल्फी काढलेले दिसतात. शेवटच्या फ्लाइटचं रेकॉर्डिंग मिळालं नाही, पण तपास करणाऱ्यांनी लिहिलं की फोनमुळे लक्ष विचलित होऊन दिशाभान सुटलं असण्याची शक्यता दाट आहे. रात्री अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर फ्लॅश म्हणजे काय होतं ते आम्हाला हूडनंतर वेगळं सांगावं लागलं नाही. मग आमच्या फ्लाइंग क्लबचा नियम झाला, फोन फ्लाइट मोडवर आणि बॅगेत, आणि कुठलीही पोस्ट लॉगबुकवर सही झाल्यानंतरच. उद्याची, आजची, "लवकरच" अशी एकही नाही. काही जण कुरकुरले, पण मला तो नियम अतिशय योग्य वाटतो आणि प्रत्येक क्लबात असावा असं वाटतं.

नंतर डिसेंबर २०२३ मध्ये टेनेसीमधली बातमी आली, एक महिला पायलट आणि तिचे वडील, बीचक्राफ्ट डेबोनेर नावाचं चाकं आत घेणारं वेगवान विमान, दोघंही गेले. तिचं यूट्यूब चॅनेल होतं, शिकायचा सगळा प्रवास त्यावर टाकलेला, आणि त्या व्हिडिओंमध्ये ऑटोपायलटशी तिची झटापट दिसते. लोकांनी त्या बाईबद्दल जे जे लिहिलं ते मला वाचवेना. मी तिचे व्हिडिओ बघितलेत, ती मनापासून शिकत होती. पण हजारो लोक बघत असताना शिकणं आणि इन्स्ट्रक्टरसमोर शिकणं यात फरक आहे. इन्स्ट्रक्टर म्हणतो आज बस, उद्या परत हेच. बघणारे म्हणतात पुढचा भाग कधी.

आमच्या घरात जेआरडी टाटांचं फार कौतुक, आजोबांनी त्यांना लांबून बघितलेलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं ते सगळ्यांना माहितीये. मला त्याच्या आधीची गोष्ट जास्त आवडते. १९३० मध्ये आगा खानांनी बक्षीस लावलेलं, भारत ते इंग्लंड किंवा उलट, एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला. जेआरडी कराचीहून निघालेले, अस्पी इंजिनिअर (इंजिनिअर हे आडनाव) उलट लंडनहून. इजिप्तमध्ये भेट झाली तर अस्पींचं विमान स्पार्क प्लगवाचून अडकलेलं. जेआरडींनी आपल्याकडचा स्पेअर देऊन टाकला, आणि अस्पी थोड्या तासांच्या फरकाने जिंकले, पुढे एअर फोर्सचे प्रमुख झाले. पेपरवाले तेव्हाही वाट बघत होते, शर्यत सगळ्यांना माहीत होती, तरी जेआरडींच्या मनात आधी समोरचं विमान आलं.

आता मी पार्ल्यात घरी आहे, नोकरीची वाट बघतेय, माझ्यासारखे लायसन्सवाले खूप आहेत. हा रिकामा काळ अकाउंट चालवायला सगळ्यात सोपा असतो, काही जणांना एअरलाइन दिसेल असं वाटतं म्हणून ते टाकत राहतात, त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही, घरचे हप्ते त्यांच्याही डोक्यावर आहेत.

खालच्या मजल्यावरचा एक मुलगा यंदा बारावी झाला, फिजिक्स-मॅथ्स होतं, याच लाइनला जातोय. त्याने विचारलं, "ताई, पेज आत्ताच काढू का, प्रवास पहिल्यापासून दाखवता येईल." मी नको म्हटलं नाही. ग्राउंडचं दाखव, वेदर कसं वाचायचं ते दाखव, फ्युएल का तपासतात ते दाखव, उडायचं कधी आणि कुठे हे मात्र उतरून आल्याशिवाय कोणालाच नाही, आईला पण नाही. तो म्हणाला असले व्हिडिओ कोण बघणार. मी म्हटलं कमी लोक बघतील.

चार दिवसांनी त्याची आई वर आली, थोडी रागातच होती, की असं काय शिकवलंस, तो म्हणतो सोलोची तारीख सांगणार नाही, आम्ही सगळे जायचं ठरवत होतो, त्याचे काका पुण्याहून येणार होते. मी त्यांना बसवलं, म्हटलं काकू, त्यालाच माहीत नसणार हो. वारा, ढग, विमान, इन्स्ट्रक्टर, सगळं जुळलं तर त्या दिवशी सकाळी कळतं, आणि जुळलं नाही तर त्याला नाही म्हणून हॉस्टेलवर परत येता आलं पाहिजे. तिथे काका उभे असले तर त्याला ते जड जाईल. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग विचारलं की लँडिंग झाल्यावर तरी लगेच फोन करू शकतो ना? करू शकतो म्हटलं, इंजिन बंद करून, विमान बांधून, सही झाली की लगेच. त्याचं क्लास टू मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची सुरुवातीची वैद्यकीय तपासणी, झालंय, पहिला पेपर रेग्युलेशन्सचा देतोय, माझ्या वह्या घेऊन गेलाय.